अहिरानी कोन देखस? : रील्सबद्दलचे समज, खान्देशातून

[दृश्य: धुळे बसस्थानक. बाकावर, पायरीवर, गाडीच्या खिडकीत खाली वाकलेल्या माना आणि वर सरकणारे अंगठे.]

निवेदन:

२९ जून २०२० ला टिकटॉकसह ५९ ॲपवर भारतात बंदी आली. धुळे, जळगाव, नंदुरबारमधल्या कितीतरी पोरापोरींचं केलेलं सगळं काम एका रात्रीत गेलं. जुलैत इन्स्टाग्रामचं रील्स भारतात आलं. सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्सची चाचणी भारतापासूनच सुरू केली. मंडळी तिकडे वळली आणि ऐकीव नियमही सोबत घेऊन गेली. सातलाच टाका. तीस हॅशटॅग लावा. व्ह्यूज आले नाहीत तर डिलीट करून परत टाका.

त्यातला एक समज आम्हाला सगळ्यात जास्त सलतो. "अहिरानी कोन देखस भो?" (अहिराणी, म्हणजे आपली खान्देशी बोली, कोण बघतं रे?) असं म्हणत घरात झकास अहिराणी बोलणारा पोरगा कॅमेरा सुरू झाला की पुस्तकी मराठीत शिरतो, नाहीतर तोडक्यामोडक्या हिंदीत. त्याचं हसणं, त्याचे टोमणे, त्याचा सूर, सगळं जातं. अल्गोरिदमला, म्हणजे कुणाला काय दाखवायचं ते ठरवणाऱ्या ॲपमधल्या गणिताला, आपली बोली चालत नाही, असं त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं.

मुळात तुमचा व्हिडिओ उचलणारा किंवा दाबणारा कुणी एक अल्गोरिदम नसतोच. इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी जून २०२१ मध्ये हे उघडपणे लिहिलं: फीड, स्टोरी, एक्सप्लोर, रील्स, प्रत्येकाचं गणित वेगळं. यूट्यूबच्या अभियंत्यांनी २०१६ च्या शोधनिबंधात आपल्या शिफारशींची रचना मांडली होती, ती दोन टप्प्यांची आहे. आधी अफाट साठ्यातून तुमच्यापुरते काहीशे व्हिडिओ वेगळे निघतात. मग त्यातल्या एकेकाबद्दल अंदाज बांधला जातो: हा माणूस किती वेळ बघेल? क्लिक करेल का? या अंदाजांवरून क्रम लागतो.

जळगावच्या फुले मार्केटातला मुरलेला सेल्समन साड्यांचा ढीग उपसत असतो, पण त्याचं लक्ष गिऱ्हाइकाच्या हाताकडे असतं. हात जिथे थांबला, तसल्याच आणखी चार साड्या पुढे येतात. साडी कुणी विणली, विणकराचं नाव किती मोठं, हे त्या क्षणी त्याच्या डोक्यात नसतं. हे गणितही असंच चालतं.

म्हणूनच फॉलोअर विकत घेण्याचा धंदा आम्हाला चीड आणतो. बंदी आली त्याच जून महिन्यात टिकटॉकने स्वतः लिहिलं होतं की फॉलोअरची संख्या किंवा आधीचे गाजलेले व्हिडिओ हे शिफारशीचे थेट निकष नाहीत. तरी व्हॉट्सॲपवर फॉलोअरची पॅकेजं फिरतात आणि कपाशीच्या हंगामात रोजाने राबलेल्या पोराचे पैसे त्यात जातात. विकतचे फॉलोअर व्हिडिओ बघत नाहीत. आकडा वाढतो, बघणारा वाढत नाही.

[दृश्य: अमळनेरकडचं शेत. पऱ्हाट्यांचा जाळ, त्यावर मोठी हिरवी वांगी. साल तडकते, वाफ निघते. लाकडी बडगीत मुसळाचा ठोका.]

थंडीतली भरीत पार्टी. कांद्याची पात चिरून ठेवलेली, लसूण-मिरची वेगळी ठेचलेली, कळण्याच्या भाकरीचा वास सुटलेला. शूटिंग करणारा पोरगा हुशार आहे, पण व्हिडिओची सुरुवात तो "नमस्कार मित्रांनो, आपल्या चॅनलवर आपलं स्वागत आहे" इथून करतो, मग चॅनलचं नाव, मग लाइक-शेअरची विनंती. आम्ही त्याच्याच मोबाईलमध्ये प्रेक्षक कुठे थांबले त्याचा आलेख उघडला. रेषा त्या नमस्कारातच कोसळलेली. पुढे मुसळाचा आवाज सुरू होतो तिथे ती सपाट होते. जे उरले ते हलत नाहीत. त्याला वाटत होतं की पेजवर कुणीतरी रोख धरलाय. लोक भरीत दिसायच्या आधीच निघून जात होते, एवढंच.

मग गावच्या ग्रुपवर लिंक पडते: "दादा, लाइक ठोका सगळ्यांनी." गावची माणसं मायेची. दोन सेकंदांत लाइक देतात आणि पुढे जातात. पण व्हिडिओ बघितला कुठे? जानेवारी २०२५ मध्ये मोसेरी यांनी पोच ठरवणाऱ्या तीन मोठ्या गोष्टी सांगितल्या: बघण्याचा वेळ, लाइक, आणि तो व्हिडिओ किती जणांनी दुसऱ्याला पाठवला. ओळखीच्या माणसांपर्यंत पोचायला लाइक जास्त उपयोगी, अनोळखी माणसांपर्यंत पोचायला पाठवणं.

इथेच अहिराणीचं बळ आहे. खान्देशातली हजारो कुटुंबं सुरतला आहेत, लिंबायत, उधन्यात. साक्रीतली बहीण कानबाईचं, आपल्या खान्देशच्या देवीचं, गाणं ऐकते आणि लगेच तिकडच्या भावाला पाठवते. तो आपल्या गाववाल्यांना पाठवतो. पुस्तकी मराठीत गायलेलं तेच गाणं ती इतक्या हक्काने पाठवील, असं आम्हाला वाटत नाही. २०११ च्या जनगणनेत खानदेशी या नावाखाली १८ लाखांहून अधिक भाषक मोजले गेले, त्यात अहिराणीचा वाटा सगळ्यात मोठा. ही काही थोडीथोडकी माणसं नाहीत.

अल्गोरिदमला अहिराणी कळते का? फारशी नाही. पण जुळणी करायला त्याला भाषा कळावीच लागते असं नाही. हा व्हिडिओ शेवटपर्यंत बघणारी माणसं आणखी काय बघतात, यावरूनही जोड्या लागतात. अडचण येते ती नव्या व्हिडिओला, कारण तो अजून कुणी बघितलेलाच नसतो. तेव्हा त्यातल्या मजकुराचा आधार घेतला जातो, आणि आपोआप येणारे कॅप्शन अहिराणी शब्दांची पार वाट लावतात. म्हणून व्हिडिओवरचा मजकूर स्वतः टाईप करा, देवनागरीत: गावाचं नाव, गाण्याचं नाव, पदार्थाचं नाव.

हॅशटॅगने पोच फारशी वाढत नाही, हे मोसेरीही वारंवार सांगत आलेत. वेळेचंही तेच. शॉर्ट्स तर कधीकधी टाकल्यावर कितीतरी दिवसांनी उचल घेतात.

[दृश्य: मोबाईल दुरुस्तीचं दुकान. काउंटरवर दोन मुलं व्ह्यूजचा आकडा बघतायत.]

"दादा, माझ्यावर शॅडोबॅन लागलाय." म्हणजे न सांगता आपले व्हिडिओ लोकांपासून दडवले जातायत, हे वाक्य आम्हाला शहाद्यापासून रावेरपर्यंत ऐकू आलं. ही तक्रार सगळीच खोटी नाही. काही प्रकारचे व्हिडिओ इन्स्टाग्राम अनोळखी लोकांना सुचवत नाही. दुसऱ्या ॲपचा वॉटरमार्क (व्हिडिओवर उमटलेला शिक्का) असलेले रील्स कमी दाखवणार, हे त्यांनी फेब्रुवारी २०२१ मध्येच जाहीर केलं होतं. तुमचं खातं सुचवण्यालायक धरलंय की नाही, ते सेटिंगमधल्या 'अकाउंट स्टेटस'मध्ये दिसतं. आधी तिथे बघा. तिथे सगळं ठीक असेल आणि व्हिडिओ दोन-तीनशे व्ह्यूजवर अडला असेल, तर बहुतेक वेळा पहिल्या थोड्या लोकांना तो दाखवला गेला आणि त्यांनी तो सरकवला, एवढाच त्याचा अर्थ. तो डिलीट करून परत टाकला तर हाती असलेली माहितीही जाते.

व्ह्यूजचा आकडाही जपून वाचा. ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट्स नुसता सुरू झाला किंवा परत वाजला की यूट्यूब एक व्ह्यू धरतं. त्या सुमारास ज्यांचे आकडे फुगले, त्यांतले काही जण नोकरी सोडायच्या गोष्टी करायला लागले होते. पैशाचा हिशेब मात्र 'एंगेज्ड व्ह्यूज', म्हणजे न सरकवता खरोखर बघितलेले व्ह्यूज, या वेगळ्या आकड्यावर होतो.

आता बनवणाऱ्यांकडून बघणाऱ्यांकडे येऊ. "बांधावर ठिबकचं बोललो आणि संध्याकाळी ठिबकची जाहिरात आली. फोन ऐकतो!" २०१८ मध्ये अमेरिकेच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी १७ हजारांहून अधिक अँड्रॉइड ॲप तपासले. चोरून आवाज पाठवणारं एकही सापडलं नाही. काही ॲप स्क्रीनची चित्रं आणि व्हिडिओ मात्र बाहेर पाठवत होते. ठिबकचा अंदाज बांधायला आवाज लागतोच कुठे? तुमचा तालुका केळीचा, शेजाऱ्याने कालच ते शोधलेलं, तुम्ही स्वतः परवा केळीच्या व्हिडिओवर रेंगाळलेले. एवढं पुरतं.

"मला आवडतं तेच येतं" हाही समज तितकाच पक्का. अपघाताचा व्हिडिओ बघून तुम्ही हळहळता, जातीवरून भांडणाऱ्याला रागाने चार शब्द सुनावता. थांबलात, लिहिलंत, हे मोजलं जातं. का थांबलात ते मोजणाऱ्याला नीट कळत नाही. म्हणून तसलेच आणखी येतात आणि माणसाला वाटतं, जगच बिघडलंय. नको असलेल्या व्हिडिओचा मेनू उघडा, 'नॉट इंटरेस्टेड' निवडा आणि पुढे जा. शिफारशी पुसून नव्याने सुरू करण्याची सोय इन्स्टाग्रामने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केली. यूट्यूबवर बघितल्याची यादी पुसता येते.

[दृश्य: पारोळ्याकडचं घर. एक फोन, त्याभोवती तीन पिढ्या.]

आपल्याकडे आणखी एक गुंता आहे, त्याबद्दल कुणी बोलत नाही. घरात फोन एक, बघणारी माणसं चार. सकाळी आबा कापसाचा भाव आणि कीर्तन बघतात, दुपारी आजीची कानबाईची गाणी, संध्याकाळी नातवाचं कार्टून, रात्री पोराची कुस्ती आणि मारामारी. मोजणाऱ्याच्या लेखी हा सगळा एकच माणूस. मग कार्टून बघणाऱ्या नातवापुढे मारामारी येते आणि आबा म्हणतात, फोनच वाह्यात आहे. नातवासाठी यूट्यूब किड्स वेगळं लावून द्या. पोराने स्वतःचं खातं स्वतःच्या नावाने उघडावं. आणि आबांच्या खात्यात रात्री कुणी काय बघितलं, ते सकाळी यादीतून काढून टाकायला दोन मिनिटं लागतात.