शेवटच्या नळाचं पाणी

[दृश्य : इंदूर, कान्ह नदीकाठची बस्ती. पहाट. नळाखाली हंडे, बादल्या, निळ्या टाक्या.]

निवेदन : नर्मदा इंदुरात येते ती जलूदहून, जवळपास सत्तर किलोमीटरवरून, घाट चढवून आणलेली. शहराला ती १९७८ साली मिळाली. या गल्लीत ती एक दिवसाआड येते. आली की तासभर कुणाला कुणाशी बोलायला सवड नसते.

[दृश्य : काचेची नळी, जवळून. थेंब पडतात. पाणी पिवळं होतं.]

हे नीट बघा. नळीत पाणी आणि त्यात ओटीचे, म्हणजे ऑर्थोटोलिडिन या रसायनाचे थेंब. पाण्यात क्लोरीन असलं की रंग पिवळा येतो. जितका गडद, तितकं क्लोरीन जास्त. हे पाणी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पहिल्या नळाचं.

[दृश्य : दुसरी नळी. रंग येत नाही.]

आणि हे शेवटच्या घराचं. लाइन तीच, वेळही तीच. लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवं, इथे रंगच नाही. मधे कुठेतरी घाण शिरतेय आणि क्लोरीन तिच्यावरच खर्ची पडतंय.

[दृश्य : नाल्यातून गेलेला पाइप, त्याला बांधलेली सायकलची ट्यूब.]

नळ चालू असतात तोवर दाबामुळे पाणी चिरेतून बाहेर गळतं. नळ गेले की दाब उतरतो, आणि त्याच चिरेतून नाला आत ओढला जातो. कुणी थेट लाइनला मोटर लावली असेल तर विचारायलाच नको.

[बाइट, गल्लीतल्या महिला आरोग्य समितीतल्या मावशी : "पहिली बादली फेकून द्या, असं आशाताई म्हणते. अगं, फेकायला पाणी हवं नं!"]

[दृश्य : राजवाड्यासमोरची गर्दी.]

शहराच्या तब्येतीची चिंता इथे जुनीच. पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराला होळकर दरबाराने बोलावलं. त्याचा अहवाल १९१८ सालचा. शहरात प्लेग होता. गेडिसने दिवाळीची मिरवणूक ठरवली आणि जाहीर केलं की ती नेहमीच्या रस्त्याने जाणार नाही. जिथली घरं सगळ्यात जास्त झाडून-पुसून, डागडुजी करून सज्ज असतील, तिथून जाईल. मग काय, मोहल्ल्या-मोहल्ल्यांत चढाओढ! मिरवणुकीत प्लेगचा भला मोठा उंदीर होता, आणि शहर झाडणारे सफाई कामगार पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, गळ्यात हार घालून चालत होते, असं सांगतात. होळकरांच्या गोष्टी आपल्या इंदूरकर मराठी घरांत पुष्कळ रंगतात. हिला मात्र फारसं कुणी हात लावत नाही.

[दृश्य : नाल्याकाठची घरं, वरून.]

१९८० च्या दशकाच्या अखेरीस अभियंता हिमांशु पारीख यांनी आणखी एक गोष्ट हेरली. बस्त्या बहुतेक नाल्यांच्या काठी, आणि पाण्याचा नैसर्गिक उतारही तिथूनच. मग सांडपाण्याच्या नळ्या याच वाटेने टाकल्या तर बस्तीचं काम होईल आणि शहराचंही. या कामाला १९९८ साली आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला. पुढे नळ्या जागोजागी तुंबल्या, त्यावर टीकाही झाली.

[दृश्य : अंगणवाडीची फरशी. खडूने काढलेला गल्लीचा नकाशा, भोवती बायका.]

ही महिला आरोग्य समिती. २०१३ च्या राष्ट्रीय शहरी आरोग्य मिशनमधली ही रचना : पन्नास ते शंभर घरांमागे दहा-बारा बायका आणि वर्षाला पाच हजार रुपये. कागदावर अशा समित्या कितीतरी आहेत. ही बसते, भांडते आणि नकाशा काढते.

जिथे पाणी पिवळं झालं त्या घरावर हळदीचं बोट, जिथे नाही तिथे कोळशाचं. बघा, हळद कुठवर जातेय. पिठाच्या गिरणीपर्यंत. तिच्यापुढे सगळा कोळसा. पाइप कुठे उकरायचा ते आता वेगळं सांगायला नको.

या बायकांपैकी निम्म्या गिरणी कामगारांच्या सुना. हुकुमचंद ही कापडगिरणी १९९१ साली बंद पडली तेव्हा सासरे घरी बसले आणि सासवा धुण्याभांड्याला लागल्या. आज त्या सासवाही समितीत बसून कोळशाचं बोट लावताहेत.

[दृश्य : मोबाइलवर तक्रार. मग अर्ज, त्यावर अंगठे आणि सह्या.]

महापालिकेच्या इंदूर ३११ अ‍ॅपवर तक्रार, मुख्यमंत्री हेल्पलाइन १८१ वर तक्रार, मग नकाशाचा फोटो जोडून अर्ज.

[दृश्य : खोदलेला रस्ता, नवा पाइप.]

लाइन बदलली. त्या पावसाळ्यात गल्लीत जुलाबाचे रुग्ण कमी झाले, असं आशाताईचं रजिस्टर सांगतं.

[दृश्य : समितीची बैठक, आवाज चढलेले.]

सध्याचं भांडण मोटरींचं आहे. समितीतल्याच तिघींच्या घरी मोटर आहे. ती काढली तर वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही, ठेवली तर शेवटच्या घरी पोचत नाही.

[बाइट, समितीतल्या सूनबाई : "काकू, आधी तुमची काढा. मग मी आमच्या सासऱ्यांशी बोलते."]