आल्प्सचा दगड : कापण्याआधी दिशा पाहा

स्वित्झर्लंडच्या तिचीनो प्रांतात, बेलिन्झोनाच्या उत्तरेला, इरान्या आणि क्रेशानो इथे करड्या दगडाच्या मोठ्या खाणी आहेत. बाजारात हा दगड ग्रॅनाइट म्हणून जातो, पण भूशास्त्रज्ञ त्याला नाइस म्हणतात. मुळात तो तीसेक कोटी वर्षांपूर्वी थिजलेला ग्रॅनाइटच. आल्प्स घडताना तो खोल गाडला गेला, तापला, दाबला गेला आणि त्यातली अभ्रकाची पानं एका प्रतलात आडवी झाली. यालाच पत्रण म्हणायचं. आपल्या दख्खनच्या बेसाल्टला पत्रण नसतं, त्यामुळे आपल्याकडच्या अभियंत्याला दगडाच्या ताकदीचा आकडा सगळ्या दिशांना एकच असतो असं वाटतं. आल्प्समध्ये ही समजूत महागात पडते.

तिथल्या पाथरवटांना हे पूर्वीपासून ठाऊक आहे. दगड सहज फुटतो ती दिशा व्हेर्सो, त्यापेक्षा अवघड ती सेकोन्दो आणि सर्वांत हट्टी ती कोन्त्रो. पाचरी व्हेर्सोच्या रेषेत मारल्या तर सपाट पाटी निघते. छपराच्या जाड पाट्या, वेलींच्या मांडवांचे खांब, कुंपणाचे चिरे असेच निघत. आता हिरे बसवलेली तार कुठल्याही दिशेने कापते. सोय झाली, पण दिशेचं भान सुटलं. तारेने कापलेल्या ठोकळ्याच्या डोक्यावर खाणीतच पत्रणाची खूण रंगाने केली नसेल, तर कारखान्यात ती शोधत बसावं लागतं.

म्हणून प्रयोगशाळेत पहिली गोष्ट पातळ छेदाची. दगडाची चकती 0.03 मिलीमीटरपर्यंत घासायची, म्हणजे प्रकाश आरपार जातो. छेद पत्रणाला काटकोनात घ्यायचा. पत्रणाला समांतर घेतला तर अभ्रक फक्त पानासारखं दिसतं आणि पट्टे कळतच नाहीत. बघायचं काय? अभ्रकाचे पट्टे सलग आहेत की तुटक, क्वार्ट्झ-फेल्डस्पारच्या कणांमध्ये सूक्ष्म भेगा आहेत का, आणि पायराइट, म्हणजे लोह-गंधकाचं खनिज, किती. पायराइट गंजतो आणि दर्शनी भिंतीवर तपकिरी ओघळ येतात. मिलान कॅथिड्रलसाठी 1387 पासून काढल्या जाणाऱ्या, इटलीतल्या कान्दोल्याच्या गुलाबी संगमरवरातही हे कण असतात, म्हणून तिथे ठोकळे निवडून घ्यावे लागतात.

मग वाकबळाची, म्हणजे वाकवल्यावर तुटेपर्यंतच्या ताकदीची, चाचणी. युरोपीय मानकाप्रमाणे 50 × 50 × 300 मिलीमीटरचे किमान 10 नमुने, आधारांमधलं अंतर 250 मिलीमीटर आणि भार मधोमध. खरी मेख इथे आहे : भार पत्रणाला काटकोनात होता की समांतर, हे अहवालात लिहिलेलं असलं पाहिजे. वाईट दिशेत ताकद निम्म्यापर्यंत उतरू शकते. विक्रेता साहजिकच चांगल्या दिशेचा आकडा पुढे करतो. दोन्ही मागा, आणि गोठण्या-वितळण्याच्या चक्रांनंतरचेही मागा.

भिंतीवर धातूच्या सळ्यांनी टांगलेल्या लाद्यांत सर्वाधिक नुकसान सळीच्या भोकापाशी होतं. 30 मिलीमीटरच्या लादीच्या कडेत 6 मिलीमीटरचं भोक पाडलं, तर दोन्ही बाजूंना जेमतेम 12 मिलीमीटर दगड उरतो. लादी पत्रणाला समांतर कापलेली असेल, तर सळीचा ताण थेट अभ्रकाच्या पट्ट्यावर येतो आणि कपची उडते. भोक हातोडीच्या ड्रिलने पाडलं असेल, तर भेग लादी टांगण्याआधीच सुरू झालेली असते.

स्वित्झर्लंडमधल्याच फाल्स गावातल्या स्नानगृहात (1996) वास्तुकार पीटर झुमथोर यांनी मात्र या पत्रणाचा फायदा घेतला. टांगणी नाहीच, पाट्या आडव्या रचल्या. जाडी 31, 47 आणि 63 मिलीमीटर. तीन पाट्या आणि 3 मिलीमीटरचे तीन सांधे मिळून बरोबर 15 सेंटीमीटर होतात, त्यामुळे क्रम कसाही बदला, पायऱ्या जुळतात. भार पत्रणाला काटकोनात जातो, आणि नाइस तिथेच सर्वांत भक्कम. तो दगड विकला जातो क्वार्ट्झाइट या नावाने, हा त्यातला गमतीचा भाग.

बर्नच्या वालुकाश्माचं गणित वेगळं. आल्प्स झिजून साठलेली ही हिरवट वाळू मऊ आणि सच्छिद्र. त्यातली चिकणखनिजं भिजली की फुगतात, वाळली की आकसतात, आणि ही हालचाल थराला काटकोनात जास्त असते. चिरा थर उभा ठेवून बसवला तर दर्शनी पापुद्रे सुटतात. डागडुजीत कडक सिमेंटचा गिलावा केला तर ओल आत कोंडते आणि पापुद्रा गिलाव्यासकट पडतो. तिथे चुन्याचाच गिलावा हवा.

आल्प्सच्या दक्षिण पायथ्याचा एक दगड मात्र मुंबई-पुण्याच्या फ्लॅटांतही पोचला आहे. ब्रेशाजवळचा बोत्तिचीनो इटालियन मार्बल म्हणून येतो. तो न रूपांतरित झालेला, बारीक कणांचा चुनखडक आहे. त्यातल्या करवतीच्या दातांसारख्या गडद रेषांत चिकणमाती साठलेली असते आणि लादी तिथेच तुटते. त्यासाठी मागे काचतंतूंची जाळी आणि राळ लावलेली असते. ती जाळी सिमेंटला नीट धरत नाही, म्हणून बसवताना तिला चालणारा चिकटवा वापरा. आणि लिंबाचा थेंब पडला तर तो लगेच पुसा, कारण चमक गेली की ती पुन्हा घासूनच आणावी लागते.