सोय कुणाची, पाळत कुणावर

मंडळी, आपल्याकडं आणीबाणीचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, बाकी काही म्हणा पण तेव्हा गाड्या वेळेवर धावायच्या आणि सरकारी हापिसात बाबू जागेवर सापडायचा. धावल्याही असतील. पण त्याच काळात, १९७६ साली, सुप्रीम कोर्टात पाचपैकी चार न्यायमूर्तींनी असा निकाल दिला की आणीबाणी चालू असताना तुम्हाला उचलून आत टाकलं तर सुटकेसाठी कोर्टात दाद मागता येणार नाही. त्या चौघांत एक यशवंत चंद्रचूड होते. पुढं २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे, आणि त्याच निकालात धनंजय चंद्रचूडांनी ७६चा निकाल साफ चुकीचा होता असं लिहिलं. बापाचा निकाल मुलानं खोडला, अशी गोष्ट नाटकात घातली तर आपण म्हणू की काहीही दाखवतात!

प्रायव्हसीची ही केस सुरू झाली आधारवरून. आणि आधारची सुरुवात आपल्याच राज्यातली, नंदुरबार जिल्ह्यात शहादा तालुक्यात टेंभली म्हणून आदिवासी गाव आहे, तिथं २९ सप्टेंबर २०१० ला पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधींच्या हस्ते पहिले नंबर दिले गेले. तेव्हा काय सांगत होते, की ऐच्छिक आहे, ज्याला पाहिजे त्यानं घ्यावं. मग रेशनला लागायला लागलं, मग गॅस सबसिडीला, मग बँक, मग मोबाइल. २०१८ मध्ये कोर्टानं सांगितलं की बँक खातं आणि सिमकार्डासाठी सक्ती करता येणार नाही, पॅन आणि सरकारी योजनांसाठी चालेल. बरं, त्यानंतर तुमच्यापैकी कितीजणांनी लॉजच्या काउंटरवर आधारऐवजी दुसरं काही दाखवलंय? हात वर करा. तीन. म्हणजे कोर्टात जिंकलेलं आपण काउंटरवर स्वतःहून देऊन टाकतो, कारण मागं रांग असते, पोरं कंटाळलेली असतात आणि तो मॅनेजर म्हणतो, साहेब आधारच द्या, पटकन होतं.

पटकन होतं. सगळी गोम इथंच आहे. आता पोलीस पाठवायची गरजच नाही, फक्त दुसरा रस्ता महाग करायचा. फास्टॅगचं बघा, फेब्रुवारी २०२१ मध्ये सक्ती झाली आणि रोखीनं टोल द्यायचा तर दुप्पट. आता यूपीआयनं दिला तर सव्वापट. नोट तीच, गव्हर्नरची सही तीच, पण टोलनाक्यावर तिची किंमत निम्मी. मी स्वतः फास्टॅग वापरतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही आणि नाक्यावर ताटकळायची हौस कुणालाच नसते. पण खालापूरला टोल कटला की गाडी ज्याच्या नंबरला जोडलीय त्याला मेसेज जातो, आमची गाडी घरच्यांच्या नंबरला आहे, त्यामुळं मी घाटात असतानाच फोन येतो की इतका उशीर कसा झाला. घरच्यांचं ठीक आहे हो, पण ही नोंद घरच्यांपुरती राहत नाही ना.

तरी ही आपली स्वतःची सोय आणि आपली स्वतःची पाळत. खरी गंमत, म्हणजे गंमत कसली, सोसायटीच्या गेटवर दिसते. आमच्याकडं वॉचमनकडची वही गेली आणि अ‍ॅप आलं. पाहुणा आला की फोन वाजतो, मस्त वाटतं. घरकामाला येणाऱ्या मावशींना एक कोड दिलाय, तो गेटवर सांगायचा, की लगेच आम्हाला नोटिफिकेशन. किती वाजता आल्या, कुठल्या कुठल्या फ्लॅटमध्ये काम करतात, महिन्यात किती खाडे, सगळं आम्हाला दिसतं, वर त्यांना स्टारही देता येतात. आता मला सांगा, मावशींना आम्हाला स्टार देता येतात का? अमुक फ्लॅटवाले पगार दहा तारखेपर्यंत लटकवतात, तमुक बाई शिळं देतात, हे त्यांनी कुठं लिहायचं? एका मावशींनी वॉचमनला सरळ विचारलं, मी खाली जिन्यात बसून डबा खाल्ला तर तेपण कळतं का यांना? त्याला उत्तर माहीत नव्हतं. कमिटीतही कुणाला नव्हतं, मी विचारून आलो.

नागपूर आणि चंदीगडला तर महापालिकांनी सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं बांधली. कामगारांनी विरोध केला. आयुक्तांच्या मनगटावर तसलं घड्याळ बांधल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही.

म्हणून मला ते मोबाइल फेकून द्या छाप भाषण करायचं नाहीये, फोन फेकून कुणाचं पोट भरणारे? माझं म्हणणं एवढंच की सोय पाहिजे त्यानं घ्यावी, पण नको म्हणणाऱ्याला दंड नको आणि ज्याला नको म्हणायची सोयच नाही, त्याच्या वतीनं आपण होय म्हणून सही करू नये. रेशन दुकानात मशीनवर अंगठा लागत नाही म्हणून परत जाणारी म्हातारी माणसं आहेत, आयुष्यभर खडी फोडून, भांडी घासून ठसे झिजलेत, त्यांच्यासाठी दुसरी पद्धत कागदावर असते, दुकानदाराला विचारा, तो म्हणतो उद्या या.

सोसायटीची एजीएम, म्हणजे वार्षिक सभा, ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते. त्यात तीन प्रश्न लेखी द्या. गेटवरची नोंद किती दिवस ठेवता, मावशींना स्वतःची नोंद बघता येते का, आणि वही परत ठेवायला काय हरकत आहे. सेक्रेटरी चिडतील, म्हणतील तुम्हाला सिक्युरिटी नको का. चिडू देत. प्रश्न मिनिट्समध्ये लिहून घेतलाय का तेवढं बघा आणि मगच चहाला उठा.