बुडणारी रजा

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘स्थानिक स्वराज्य संस्थांतील कर्मचाऱ्यांसाठी सामाईक कौटुंबिक रजा’. नाव वाचून निम्मे लोक चहापाशीच थांबलेत, मला इथून दिसतायत. जे आत आलात ते बहुतेक नगरपालिका, तालुका पंचायतीतले, नाहीतर तिथूनच पेन्शनीत निघालेले. तेव्हा ईएल, म्हणजे नोकरी करून साठणारी पगारी रजा, कशी चालते हे सांगत बसत नाही.

तक्रार एवढीच. एक जानेवारीला आणि एक जुलैला खात्यात पंधरा-पंधरा दिवस पडतात. कमाल साठा 300. ज्याचे 300 भरले, त्याने नवे पंधरा त्याच सहामाहीत वापरले नाहीत तर ते बुडाले. जुलैत बेळगावला पाणी देणारा राकसकोप तलाव भरून वाहतो आणि शहरातल्याच वडगावातल्या एखाद्या गल्लीत नळ कोरडाच असतो, तसा हा प्रकार.

आता तो किस्सा. नगरपालिकेचं नाव नको, घरपट्टी अजून तिथंच भरतो मी! आमच्याकडे एक वॉल्व्हमन होता, नळाचं पाणी सोडणारा. थोरलं पोरगं आजारी, महिनोन्महिने दवाखाना. पेशंटजवळ एक माणूस हवाच, आणि बायको तान्ह्या लेकराला घेऊन घरी अडकलेली. त्याची रजा संपली, पगार कापला जाऊ लागला. शेजारच्या टेबलावर आमचे हेडक्लार्क, त्यांचं रजेचं खातं काठोकाठ. आपण रजेवर गेलो तर ऑफिस कोसळेल अशी त्यांची श्रद्धा. (ते रिटायर झाले, ऑफिस आहे तसंच आहे. घरच्यांचं मात्र काय झालं ते वहिनींना विचारा.) तर या गृहस्थांनी अर्ज केला: माझ्या शिल्लक रजेतले वीस दिवस याला द्यावेत.

अर्ज मराठीत होता, परत आला. कन्नडमध्ये द्या. दिला. मग शेरा आला, वॉल्व्हमननेही मागणीचा अर्ज जोडावा. जोडला. मग विचारणा: हेडक्लार्कच्या एका दिवसाचा पगार आणि वॉल्व्हमनच्या एका दिवसाचा पगार सारखा नाही, तर फरक खर्चाच्या कोणत्या हेडखाली दाखवायचा? त्या फायलीतला हा एकमेव शहाणा प्रश्न! शेवटी एका ओळीत उत्तर: नियमात तरतूद नाही. तोवर सहामाही सरली, हेडक्लार्कचे दिवस बुडाले आणि आम्ही पाकीट फिरवून पैसे जमवले. पाकिटात पहिली नोट कुणाची? ज्यांनी नकारावर सही केली, त्याच साहेबांची. आता काय म्हणायचं?

फ्रान्समध्ये 2009 साली असंच झालं. बाटलीबंद पाण्याच्या एका कारखान्यातल्या कामगाराचा मुलगा, मातिस, कॅन्सरने आजारी होता. सहकाऱ्यांनी आपल्या रजेचे मिळून 170 दिवस बापाला दिले. तिथं मालकाने ते मान्य केलं. पुढे 2014 मध्ये कायदा झाला, लोक त्याला मातिसचा कायदा म्हणतात. साधारण वर्षभराने तो सरकारी आणि पालिकांच्या नोकरांनाही लागू झाला. अमेरिकेत केंद्र सरकारच्या नोकरांसाठी असा कायदा 1988 पासून...

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं. मूळ प्रस्ताव तर राहिलाच, पटापट सांगतो.

बुडणारे दिवस आपोआप एका सामाईक खात्यात जावेत. खातं एकेका नगरपालिकेचं नको, पुरणार नाही. निपाणी ते खानापूर, अख्ख्या जिल्ह्याचं एक. दिवसाला दिवस धरायचा, पगार घेणाऱ्याच्या दराने. फरकाचा प्रश्न तिथंच मिटतो. महिला कर्मचाऱ्यांना 2021 पासून सहा महिन्यांची बालसंगोपन रजा आहे, चांगलं झालं. पण बापाला पितृत्वाचे पंधरा दिवस, आणि म्हाताऱ्या आईवडिलांच्या आजारपणासाठी वेगळं काहीच नाही. खातं आधी यांच्यासाठी उघडावं. देणाऱ्याचं नाव गुप्त ठेवावं. साहेबांसाठी हाताखालच्यांनी दिवस द्यायचे नाहीत. अमेरिकेतही थेट वरिष्ठाला रजा देता येत नाही, उगाच नाही तो नियम.

आणि ठेकेदारीवरची माणसं? त्यांच्या नावावर ईएलच नाही, मग ती काय भरणार, असं आमच्या युनियनमध्येच लोक म्हणतात. मी म्हणतो, न भरता घेऊ दे. यावरून भांडण होणार, होऊ दे. मसुदा बाहेर टेबलावर ठेवलाय, मराठीतही आणि कन्नडमध्येही. सह्या करून जा.