मळीतला फेस वाया घालवू नका

श्रोतेहो, नमस्कार.

साखर कारखान्याच्या मळीवर, म्हणजे मोलॅसिसवर, बॅसिलस सबटिलिस हा जिवाणू वाढवला, की तो सर्फॅक्टिन नावाचा साबणासारखा पदार्थ बाहेर सोडतो. १९६८ मध्ये जपानमध्ये त्याचा शोध लागला. पाण्याचा पृष्ठताण ७२ वरून २७ मिलिन्यूटन प्रति मीटरपर्यंत उतरवायला लिटरमागे वीसेक मिलिग्रॅम सर्फॅक्टिन पुरतं. मळीत निम्म्याच्या आसपास साखर असते आणि ती ग्लुकोजपेक्षा कितीतरी स्वस्त पडते. ही बचत मात्र नीट काम केलं तरच पदरात पडते.

मळी तशीच वापरू नका. तिच्यात कॅल्शियम, डिंकासारखे पदार्थ आणि गडद रंगद्रव्यं असतात. तेवढंच पाणी घालून ती पातळ करा, सल्फ्युरिक आम्लाने पीएच तीनच्या आसपास आणा, उकळत्या पाण्यात अर्धा तास ठेवा आणि रात्रभर निवळू द्या. तळाशी कॅल्शियम सल्फेटचा गाळ बसतो. वरची निवळी अलगद ओतून घ्या आणि सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच सातवर आणा. जिवाणू वाढवायच्या द्रवात, म्हणजे माध्यमात, लिटरमागे मूळ मळी साधारण ८० ग्रॅम पडली, की साखर ४० ग्रॅमच्या घरात येते. अमोनियम नायट्रेट लिटरला ४ ग्रॅम घ्या, पण ते वेगळं निर्जंतुक करून थंड झाल्यावर मिसळा. मळीबरोबर तापवलं, तर साखर आणि अमोनिया एकमेकांशी भिडून रंग आणखी काळवंडतो.

५०० मिलीच्या फ्लास्कमध्ये माध्यम १०० मिलीच भरा. या जिवाणूला हवा भरपूर लागते. रात्रभर वाढवलेलं जिवाणूंचं विरजण शंभराला दोन ते पाच मिली घाला आणि फ्लास्क ३० ते ३७ अंशांवर, मिनिटाला १५० ते २०० फेऱ्यांनी हलवत ठेवा. पीएच ६.५ ते ७ दरम्यान राखा. तो फार उतरला, तर सर्फॅक्टिन साका होऊन पेशींबरोबरच खाली बसतं.

आता फेस. फर्मेंटरमध्ये, म्हणजे जिवाणू वाढवायच्या मोठ्या टाकीत, हवा सोडली, की फेस वर चढतो, हवेचा फिल्टर भिजवतो, आणि घाबरून फेसनाशक ओतलं जातं. तिथेच घोळ होतो, कारण सर्फॅक्टिन मूळ द्रवापेक्षा फेसातच कितीतरी दाट असतं. बाहेर जाणाऱ्या हवेची नळी रुंद ठेवा आणि ती दुसऱ्या रिकाम्या बाटलीत उतरवा. फेस तिथे आपोआप मोडतो. फेस सतत काढत राहिलं, तर उतारा वाढतो, हे १९८१ मध्येच दाखवलं गेलं आहे. लोह आणि मँगनीजचा फायदाही त्याच कामातून समोर आला.

फेसाबरोबर पेशीही येतात, म्हणून आधी सेंट्रिफ्यूज करा, म्हणजे वेगाने फिरवून पेशी तळाशी बसवा. मग वरच्या द्रवात हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबथेंब घालून पीएच दोनवर आणा आणि ४ अंशांवर रात्रभर ठेवा. साका बसेल, पण तो पांढरट नसून तपकिरी असेल, कारण मळीतला रंग आणि प्रथिनंही त्यात येतात. वाळवून तराजूवर ठेवला, तर उतारा भरघोस भासतो. ते वजन खरं धरू नका. विरजण न घातलेल्या माध्यमालाही हेच आम्ल द्या, त्याचा साका वजनातून वजा करा आणि विरजण घातलेल्याचा साका मिथेनॉलमध्ये विरघळवून गाळून घ्या.

रोजच्या तपासणीला साधी चाचणी पुरते. पेट्री डिशमध्ये पाणी घ्या, वर कच्च्या खनिज तेलाची पातळ साय पसरू द्या आणि मधोमध १० मायक्रोलिटर द्रव सोडा. सर्फॅक्टिन असेल, तर तेल क्षणात कडेला सरतं आणि मध्ये स्वच्छ गोल उमटतो. डिशला धुण्याच्या साबणाचा अंश राहिला असेल, तरी असाच गोल दिसतो. म्हणून भांडी शेवटी ऊर्ध्वपातित पाण्याने चार-पाच वेळा विसळा आणि प्रत्येक खेपेला एक थेंब कोऱ्या माध्यमाचाही टाकून पाहा.

शिकाऊ हातांनी सुरुवात सबटिलिसनेच करावी. तळणीच्या उरलेल्या तेलावर ऱ्हॅम्नोलिपिड हा तसाच साबणासारखा पदार्थ देणारा स्युडोमोनस एरुजिनोसा हा जिवाणू भाजलेल्या जखमांमध्ये संसर्ग करतो. तो हाताळायला सुरक्षा कॅबिनेट हवं, आणि उरलेला द्रव १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) केल्याशिवाय मोरीत जाता कामा नये.