दिसणं आणि सापडणं

(नाशिकमध्ये ग्रंथालयांत काम करणाऱ्या मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, बाहेरगावचं कुटुंब रामकुंडावर धार्मिक विधीसाठी येतं, तेव्हा काय होतं ते तुम्ही पाहिलं असेल. तीर्थोपाध्याय आधी विचारतात, "गाव कोणतं? आडनाव काय?" एवढ्यावर आतून एक जुनी वही येते, पानं उलटली जातात आणि त्या माणसाच्या पणजोबांनी इथे येऊन केलेली सही त्याच्यासमोर येते. माणूस बोट फिरवत ती वाचतो आणि गप्प होतो. मी हे दोनदा जवळून पाहिलंय.

वह्या किती आहेत, कुठल्या कपाटात आहेत, कशा लावल्यात, यातलं काही त्या यजमानाला ठाऊक नसतं. त्याला आपलं गाव आणि आडनाव तेवढं ठाऊक असतं, आणि वह्या नेमक्या त्याच दोन गोष्टींवर लावलेल्या असतात. वेबसाइट रचायला लागलो तेव्हा ही गोष्ट मला कुणी सांगितली असती, तर माझी पहिली दोन वर्षं फुकट गेली नसती.

माहिती अशी सापडेल तशी लावण्याच्या कामाला 'माहितीची वास्तुरचना' म्हणतात, आणि हे नाव वेबच्याही आधीचं. रिचर्ड सॉल वुर्मन नावाच्या अमेरिकन वास्तुरचनाकाराने १९७६ साली ते आपल्या व्यवसायबंधूंपुढे मांडलं. पुढे त्याने सांगितलं की माहिती लावायच्या वाटा पाचच आहेत: स्थळ, वर्णक्रम, काळ, प्रकार आणि चढती-उतरती श्रेणी. तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत त्यातल्या निदान दोन सापडतात. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत वेबचा प्रस्ताव मांडला १९८९ साली, पहिली साइट आली १९९१ साली, आणि आपल्याकडे विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. आम्ही या धंद्यात उतरलो ते त्यानंतर.

१९९९ साली द्राक्ष बागायतदारांच्या एका गटासाठी मी साइट केली. गटाचं नाव सांगत नाही, चूक माझी होती. गटाच्या कचेरीत जसे विभाग होते, तसाच मी मेनू केला: आमच्याविषयी, प्रशासन, तांत्रिक विभाग, विपणन, प्रकाशने. वर घडाचा मोठा फोटो, साठ केबीचा. २८.८ च्या मोडेमवर सेकंदाला जेमतेम साडेतीन केबी यायचे, म्हणजे नुसता फोटो उतरायलाच सतरा सेकंद. मला तो फोटो फार आवडायचा.

निफाडकडचे एक बागायतदार नेट कॅफेत माझ्याशेजारी बसले होते. ऑक्टोबर छाटणीला अडतीस दिवस झाले होते, बाग फुलोऱ्यात, आणि आदल्या रात्री पाऊस. त्यांना हवं होतं एवढंच, की आता डाऊनीला, म्हणजे द्राक्षावरच्या एका बुरशीच्या रोगाला, काय मारायचं. फोटो उतरेपर्यंत ते थांबले. मग मेनूवर नजर फिरवली. 'प्रशासन' नाही. 'विपणन' नाही. 'तांत्रिक विभाग' दाबलं, त्यात 'पीक संरक्षण', त्यात 'रोग', आणि त्या यादीत 'केवडा'. केवडा म्हणजेच डाऊनी. कृषीच्या पुस्तकात केवडा लिहितात, म्हणून मीही केवडा लिहिलं होतं. त्यांचं बोट त्या शब्दावरून खाली सरकलं आणि पुन्हा वर आलं. यादीत डाऊनी नव्हती. ते उठले, पैसे दिले आणि समोरच्या एसटीडी बूथवर जाऊन कुणाला तरी फोन लावला.

उत्तर त्याच साइटवर होतं. त्या शब्दाच्या पुढच्याच पानावर होतं.

त्यानंतर मी सगळा मजकूर साठेक पुठ्ठ्याच्या कार्डांवर लिहिला. एका कार्डावर एकच गोष्ट: भुरी, विरळणी, पाण्याची पाळी, बँकेचं कर्ज, बाजारभाव. आणि ती कार्डं घेऊन एका पॅकहाउसच्या ओट्यावर गेलो. दोन बागायतदार आणि एक ताई होत्या. म्हटलं, तुम्हाला पटेल तशी लावा. मला वाटलं होतं, रोग एकीकडे, खतं एकीकडे, पैशाचं एकीकडे लावतील. त्यांनी ओट्यावर एक लांब ओळ केली. छाटणीचा दिवस डावीकडे, तोडणी उजवीकडे. पोंगा, फुलोरा, मणी सेटिंग, मण्यात पाणी उतरणं, त्या त्या जागी कार्डांचे ढीग. खत, रोग, मजूर, कर्ज, सगळं त्या ओळीवर. बागायतदार काळ मोजतो तो छाटणीपासून, तारखेपासून नाही. वुर्मनच्या पाचांतली तिसरी वाट त्यांच्या बोलण्यात आधीपासूनच होती. मीच त्यांना कचेरीच्या वाटेने नेत होतो.

एक कार्ड मात्र ताईंच्या हातात राहिलं: 'पाऊस पडून गेल्यावर'. त्या म्हणाल्या, "हे एकदा ठेवून भागत नाही. पोंग्यातही लागतं, फुलोऱ्यातही लागतं." मग मी त्याच मजकुराची आणखी तीन कार्डं लिहून दिली.

तुम्ही ग्रंथालयातली माणसं आहात, तुम्हाला हा पेच नवा नाही. पुस्तक एक, ते मांडणीवर एकाच जागी राहणार, पण वाचक चार बाजूंनी येणार. म्हणून तर आपण लेखकाची, शीर्षकाची आणि विषयाची अशी वेगवेगळी तालिका-कार्डं करत आलो. १९९४ साली जेरी यांग आणि डेव्हिड फिलो या स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी याहू ही वेबसाइटांची सूची हाताने लावायला घेतली, तेव्हा त्यांच्याही पुढे हेच आलं. एक विषय दोन शाखांत बसला की ते एका शाखेत खरी जागा ठेवत आणि दुसरीत नावापुढे 'ॲट'ची खूण करून तिकडची वाट दाखवत. ताईंचं चौथं कार्ड आणि ती खूण, काम एकच.

आणि याचं मूळ उत्तर आपल्याच देशातलं आहे, याचा मला खरोखर अभिमान वाटतो. एस. आर. रंगनाथन गणिताचे प्राध्यापक, मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३३ साली त्यांनी द्विबिंदू वर्गीकरण मांडलं. विषयाला एकाच खणात कोंबू नका, त्याचे पैलू वेगळे करा आणि लागतील तसे जोडा, हे त्यांचं म्हणणं. फुलोरा हा एक पैलू, डाऊनी दुसरा, पाऊस तिसरा. आज खरेदीच्या कुठल्याही साइटवर तुम्ही किंमत, माप, रंग अशा खुणा करत यादी लहान करत जाता, ती हीच पैलूंची कल्पना. १९९८ साली वेबच्या माहिती-रचनेवरचं जे पुस्तक आमच्या हाती आलं, ते लुई रोझेनफेल्ड आणि पीटर मोरविल या दोघांचं, आणि दोघेही ग्रंथालयशास्त्र शिकलेले. संगणकवाल्यांना हा विषय ग्रंथपालांनी शिकवला.

आता दुसरी चूक. ती माझ्या एकट्याची नव्हती, आम्हा सगळ्यांची होती.

त्या काळी पान देखणं करायला आम्ही आकडे मांडायच्या तक्त्यांत सगळं पान कोंबायचो. जागा सोडायला एका बिंदूएवढं पारदर्शक चित्र ताणून बसवायचो. मजकूर आणि रूप वेगळं ठेवायची शैलीपत्रकं डिसेंबर १९९६ मध्येच प्रमाणित झाली होती, पण ब्राउझर ती धड पाळत नसत. हे सगळं पुढे निस्तरता आलं.

मराठीचं तसं झालं नाही. प्रत्येक लिपीतल्या अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत म्हणजे युनिकोड. तिच्यात देवनागरी १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, पण आमच्यासमोरच्या विंडोज ९५, ९८ वर त्याचा उपयोग नव्हता. म्हणून आम्ही इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार दाखवणारे फॉन्ट वापरले. कृतिदेव हा त्यातला एक. त्यात 'मराठी' लिहिलं की पडद्यावर मराठीच दिसायचं, पण फाइलमध्ये साठायची ती ई, जे, के, बी, एच ही पाच इंग्रजी अक्षरं. फॉन्ट त्यांच्यावर म, र, काना, ठ आणि वेलांटीचा मुखवटा चढवायचा. दुसऱ्या फॉन्टचा मुखवटा वेगळा. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उरायची ती नुसती इंग्रजी अक्षरं. शोधयंत्रं आली, त्यांनाही तीच दिसली. 'डाऊनी' शोधणाऱ्याला आमचं एकही पान कधी सापडलं नाही. शब्द दुरुस्त केला होता, कार्डांप्रमाणे रचना केली होती, तरी नाही. डोळ्यांपुरती ती मराठी होती. त्या दहा वर्षांत अनेकांनी मनापासून लिहिलेलं कितीतरी असंच गेलं.

त्या द्राक्षाच्या साइटची सीडी माझ्याकडे आहे. कृतिदेवमधली पानं मी युनिकोडमध्ये आणली, त्याचे परिवर्तक मिळतात. पण फवारणीची एकवीस पानं दुसऱ्याच फॉन्टमध्ये आहेत. पंचवटीतल्या एका डीटीपीवाल्याने तो फ्लॉपीवरून घालून दिला होता, ते दुकान आता नाही. फाइलमध्ये फॉन्टचं नाव आहे, फॉन्ट नाही. नेहमीची अक्षरं अंदाजाने ओळखता आली, पण जोडाक्षरं नाहीत आणि औषधांच्या प्रमाणातले अपूर्णांक तर मुळीच नाहीत, तिथे अंदाज चालत नाही. तुमच्यापैकी काहींच्या ग्रंथालयात जुने संगणक पडून असतील, कपाटात फ्लॉप्या असतील. फाइलचं पहिलं पान मी छापून आणलंय. कार्यक्रम संपल्यावर इथेच थांबतो, कुणाला ते अक्षर ओळखीचं वाटलं तर मला सांगा.