पेडलवर पाय कुणाचे?

अध्यक्ष महोदय आणि मंडळी,

विमानांवर बोलायला उभा राहिलेला माणूस सुरुवात जेआरडी टाटांपासून करतो. 10 फेब्रुवारी 1929, मुंबई, पहिल्या क्रमांकाचा परवाना. टाळ्या. बरं, त्यांना शिकवलं कुणी? ठाऊक असेल त्याने हात वर करा... बघा. गवयाचा गुरू आपण आधी विचारतो, वैमानिकाचा कधीच नाही. आज बोलायचंय ते विमान शिकवणाऱ्या याच शिक्षकांवर.

आज पालक बरेच दिसतायत. तुमचे प्रश्न मला पाठ आहेत. फी किती, कमर्शियल लायसन्सचे दोनशे तास किती महिन्यांत होतील, हॉस्टेलवर जेवण बरं असतं का. जेवणाचं आई विचारते, आणि तिघांत तोच प्रश्न शहाणपणाचा.

एक मुलगा दुसऱ्या संस्थेतून माझ्याकडे आला. संस्थेचं नाव विचारू नका, सांगणार नाही. लॉगबुकात चाळीस तास. सोलो, म्हणजे शिक्षकाशिवाय एकट्याने उड्डाण? ‘पुढच्या आठवड्यात’ असं तो तीन महिने ऐकत होता. सेसना 172 घेऊन धावपट्टीवर उभे राहिलो, त्याने इंजिनाची ताकद वाढवणारा थ्रॉटल पुढे केला आणि विमान निघालं डावीकडे. या विमानाला ताकद दिली की नाक डावीकडे वळतं; उजवं पेडल दाबून ते सरळ ठेवायचं. पहिल्या काही दिवसांतला धडा. मी थोडं थांबून पाहिलं. कडेचं गवत जवळ येतंय आणि आमचे चिरंजीव शांतपणे समोर बघतायत! शेवटी मीच थ्रॉटल मागे ओढला.

“अरे, पाय कुठे होते तुझे?”

“पेडलवरच होते सर. पण दाबायचे ते सरच. मी नुसते टेकवायचो.”

“आणि लँडिंग?”

“लँडिंग एकदम छान व्हायची सर.”

होणारच! दोन हजार तासांचा माणूस उतरवत होता.

(हसू नका, यातले काही तास तुमच्या पैशांचे आहेत.)

हीच सवय पुढे जीव घेते. उतरताना शेवटचं वळण चुकतं, विमान धावपट्टीच्या रेषेपलीकडे जातं. पोरगं घाबरून आतल्या बाजूचं पेडल दाबतं, वर नाकही ओढतं. आतला पंख आधी स्टॉल होतो, म्हणजे विमान उचलून धरायचं सोडतो, आणि विमान गरगरत खाली येतं. त्या उंचीवर सावरायला जागाच नसते. ‘रडर, रडर’ (पेडलने हलणारं शेपटीचं सुकाणू) असं ओरडून हे शिकवता येत नाही. जमिनीवर, फळ्यासमोर बसून...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे ज्या विषयासाठी बोलावलंत, तो आता पळवतो.

शिक्षक वाईट नसतात, घाईत असतात. बरेच जण तरुण. तास जमवायचे आणि एअरलाइनचं बोलावणं आलं की निघायचं. विद्यार्थी अर्ध्यात नव्या शिक्षकाकडे, पुन्हा पहिल्यापासून. अनेक ठिकाणी मानधन उड्डाणाच्या तासांवर, मग डीब्रीफिंगला, उड्डाणानंतर चुका समजावायला, कोण बसेल? त्यात पावसाळ्यात उड्डाणं रखडतात, ढग उघडले की सगळी भरपाई एकदम. 2025 मध्ये डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, प्रशिक्षण संस्थांची श्रेणी लावायला सुरुवात केली, चांगलंच केलं. पण श्रेणी संस्थेला. शिकवणाऱ्याला कोण तपासतं?

माझं मागणं एवढंच: सोलोपर्यंत शिक्षक बदलू नका, जमिनीवरच्या तासाचेही पैसे द्या, आणि निवृत्त कॅप्टन मंडळींना शिकवायला परत आणा. पालकांनी फीबरोबर हेही विचारावं, की गेल्या उड्डाणानंतर मुलाच्या वहीत शिक्षकाने काय लिहिलं. ‘गुड’ एवढंच असेल, तर दुसऱ्या दिवशी संस्थेत जाऊन बसा.

हो हो, थांबतो. उरलेले प्रश्न बाहेर चहाला.